न्हाव्याच्या अंगणातली सोनेरी रास्पबेरी

न्हाव्याचे हात रिकामे राहिले की त्यांना काहीतरी कापावंसं वाटे. दुकानात गिऱ्हाईक नसलं, तर तो ब्रशचे केस सारखे करी. घरी आला की अंगणातली सोनेरी रास्पबेरी होतीच. दर हिवाळ्यात तो तिच्या काठ्या अशा बुंध्यापासून छाटी की शेजारी म्हणत, "काय हो, झाड शाळेत घालताय की काय?" रास्पबेरीही दरसाल पानांवर पानं देई आणि फळाचं नाव काढत नसे.

रोप दिलं होतं बायकोच्या थोरल्या बहिणीने, आक्काने. आक्काच्या बागेत फळांच्या भाराने काठ्या वाकत. दर फोनला ती विचारी, "लागलं का गं काही? तुझ्या हाताला लहानपणापासून गुणच नाही. तुझ्याकडे निवडुंगसुद्धा मेला होता." बायको हसून फोन ठेवी आणि मग भांडी जरा जास्तच आपटी.

गेल्या हिवाळ्यात मात्र आक्का फोनवर बोलता बोलता म्हणाली, "जुन्या काठ्या ठेवतेस ना? पहिल्या वर्षी काठी नुसती वाढते, फळते दुसऱ्या वर्षी."

न्हावी तेव्हा कात्री घेऊन अंगणात उतरतच होता.

"अहो, थांबा!" बायको धावत आली. "माझ्या हाताला गुण नाही म्हणे! दरसाल फळ कापून टाकताय तुम्ही!"

"मी आपलं नीटनेटकं दिसावं म्हणून..."

"गिऱ्हाइकांना करा नीटनेटकं. या झाडाला कात्री लावलीत, तर तुमचे केस मी कापीन."

या धमकीने न्हावी खरोखर गारठला.

झाड सुटलं. कुंपणावर चढलं, पायरीवर आलं, वाळत घातलेल्या कपड्यांना काटे लावू लागलं. दुकानात गिऱ्हाइकं चिडवत, "आमचे केस कापता आणि घरी जटा पाळता!" न्हावी खाली मान घालून वस्तरा पुसत राही. पण उन्हाळ्यात पानाआड पिवळे मणी धरले, मणी फुगले, मधासारखे झाले. बायको सकाळी उठून आधी झाडाशी जाई, पदर सावरून वाकून बघे, जणू पाळण्यात डोकावते आहे.

"आक्काला बोलावलंय रविवारी," ती म्हणाली. "तोवर एकालाही हात लावायचा नाही. तिने झाडावरच बघायला हवीत."

रविवार उजाडला. न्हावी फाटक पुसायला गेला आणि त्याला दिसली ती काठी: वाटेवर आडवी, बरोबर आक्काच्या कपाळाच्या उंचीवर. आक्काला काटा लागला तर? त्याने फक्त विचार केला. हातांनी विचार केला नाही. खिशातली कात्री कचकन चालली, आणि झाडावरची सगळ्यात भरलेली काठी त्याच्या हातात आली.

दारात बायको उभी होती. तिने काठीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या ओठांवर काहीतरी भयंकर येत होतं, तेवढ्यात रिक्षा थांबली.

बायकोने काठी हिसकावली, आत जाऊन पाण्याच्या तांब्यात उभी केली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली.

आक्का गुडघे धरत, कण्हत खुर्चीत बसली. समोर सोनेरी फळांनी लगडलेली फांदी. एक फळ तिने ओढलं, ते अलगद सुटून आलं, तिने जिभेवर ठेवलं. डोळे मिटले.

"बाई गं," ती म्हणाली, "माझ्याकडच्यांपेक्षा गोड आहेत. आणि झाडच टेबलावर आणलंस?"

"तुझे गुडघे दुखतात ना. वाकायला नको तुला. मीच सांगितलं ह्यांना, चांगली बघून एक काठी कापा म्हणून."

"किती गं जीव लावतेस!" आक्काचा आवाज ओला झाला. "तुझ्या हाताला मी उगीच नावं ठेवली."

न्हाव्याला भरून आलं. एवढा मोठेपणा बायकोचा, आणि आपण गप्प बसायचं? "खरं सांगायचं तर आक्का, ती काठी मी..."

बायकोने एक टपोरं फळ त्याच्या तोंडात कोंबलं. "खा हो. तुम्ही अजून चाखलंच नाहीत."

त्याने चावलं. आंबटगोड रस जिभेभर पसरला आणि पुढचं वाक्य तो विसरूनच गेला.