आमदाराची जोडी

आईने थोरल्याच्या कपाळावर तळहात ठेवला. कपाळ थंडगार! आणि हा गृहस्थ गळ्यापर्यंत पांघरूण ओढून कण्हतोय. आज विधानसभेत सरकार राहणार की पडणार याचं मतदान, न्यायला आलेली पक्षाची गाडी दारात हॉर्न वाजवतेय, आणि आमदारसाहेबांना म्हणे ताप.

कालपासूनच त्याचं लक्षण काही ठीक नव्हतं. सारखा फोन घेऊन गच्चीवर. वाळलेले कपडे काढायला ती वर गेली, तेव्हा तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पलीकडे बाईचा आवाज, आणि हा म्हणत होता, "आपली जोडी पक्की समजा. घरी कुणाला कळणार नाही."

तिने सुनेला चहाच्या निमित्ताने बाहेर पिटाळलं आणि दार लोटून घेतलं.

"कोण आहे ती?"

"कोण ती?"

"जिच्याशी जोडी जमवलीस ती. टक्कल पडल्यावर बरं सुचलं तुला!"

तो पांघरुणातच हसला. "ती मास्तरांची लेक होती, आई. जोडी मास्तरांशी."

मास्तर म्हणजे सत्ताधारी पक्षाचे म्हातारे आमदार. तिच्या नवऱ्याला निवडणुकीत पाडणारे.

"सभागृहातली जोडी गं. त्यांचा एक आजारी, तर आपलाही एक घरी बसतो. बरोबरी राहते. आपला पक्ष नको म्हणाला. तरी मी परस्पर शब्द दिला."

"नसता दिलास तर?"

"तर त्यांच्या पक्षाने त्यांना स्ट्रेचरवरून आणलं असतं. डॉक्टर म्हणतात, वाटेतच जातील."

"आणि तू आज गेलास तर?"

"सरकार पडेल, एका मताने." तो छताकडे बघत राहिला. "आपलं येईल."

आपलं आलं की याला मंत्रिपद, हे ठरलेलं होतं. तिने शेजारणींना सांगूनही टाकलं होतं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"तो तरी खरा आजारी आहे का, की तुझ्यासारखाच?"

"बघून आलोय. नाकात नळी आहे. मला बाबा समजले. म्हणाले, या वेळी तुम्ही निवडून या."

बाहेर हॉर्न पुन्हा वाजला. आई पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. मग तिने पांघरूण एका झटक्यात ओढून घेतलं आणि घडी घालायला लागली.

"शब्द दिलास ना, मग पाळ. मंत्रिपद गेलं खड्ड्यात. पण आजारी तो आहे, तू नाहीस. माझ्या घरात तापाचं सोंग चालणार नाही. ऊठ. त्या गाडीवाल्यासमोर उभा राहा आणि सांग, मी धडधाकट आहे आणि येत नाही."