द्वारकेची पात

रामराव पाटलांच्या रानात कापूस वेचायला बाया उभ्या राहिल्या, की प्रत्येकीच्या वाट्याला एक सरी यायची. तिला पात म्हणत. झुंबरबाईच्या डाव्या हाताची पात मात्र सात वर्षं दुसऱ्या कुणी धरली नव्हती. ती द्वारकाबाईची होती, आणि त्याच पातीत द्वारकाबाईचा जीव गेला होता. आपली पात संपली की झुंबरबाई मागं फिरून तीही एकटीच वेचायची. घनसावंगीच्या बायांना हे ठाऊक होतं. कुणी त्या वाटेला जात नसे.

सोनूबाईला ठाऊक नव्हतं. भोकरदनकडची ही विधवा, पन्नाशी उलटलेली, दिवाळीनंतर लेकीकडे राहायला आली होती. पहिल्याच दिवशी तिनं वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधली आणि सरळ त्या पातीत शिरली.

कापसाची पऱ्हाटी सळसळली, सोनूबाईचे हात मोकळे असून बांगड्या वाजल्या. सात वर्षं येत होता तोच द्वारकाबाईचा आवाज झुंबरबाईच्या कानाशी आला, "झुंबर, घरी जाऊ का?"

"निघ तिथून," ती सोनूबाईवर ओरडली.

सोनूबाई निमूट बाहेर आली. दुपारी बाभळीखाली भाकरी सोडताना तीच शेजारी येऊन बसली. "माझं काय चुकलं, ते तर सांगा."

झुंबरबाईनं हातातली भाकरी फडक्यावर ठेवली. मग म्हणाली, "ती द्वारकाबाईची पात हाये. आमचं दोघींचं लगीन एकाच मांडवात लागल्तं. ती गेली त्या दिशी तिला कणकण होती. म्हणली, झुंबर, घरी जाऊ का? म्या म्हणलं, एवढी पात उरकू, मंग जाऊ. धा पावलं बी गेली नसंल, पायाला घोणस डसली. अजून रोज तेच इचारून राह्यली. सकाळी तुमाला आला का आवाज?"

सोनूबाई खोटं बोलली नाही. "न्हाई बाई, मला न्हाई आला. पण तुमाला येतो ना, मंग ती हाये. मी पल्याडची पात धरते. मधी तिला ऱ्हाऊ द्या."

तेव्हापासून दोघी दोन बाजूंनी मधली पात वेचू लागल्या. चालता चालता झुंबरबाई मध्येच थबकायची. सोनूबाई काही न विचारता तिच्यासाठी थांबायची.

पौषात एका सकाळी सोनूबाईचे हात थरथरताना दिसले. झुंबरबाईनं मधली पात ओलांडून तिच्या कपाळाला हात लावला. अंग तव्यासारखं तापलं होतं.

"चल घरी."

"एवढी पात उरकू की," सोनूबाई म्हणाली.

झुंबरबाईनं तिच्या कमरेची ओटी सोडली. "बिलकुल न्हाई. चल जल्दी."

बांधावरून पाटील हाका मारत राहिले. त्या हाकांच्या आड तो दुसरा आवाजही आला, अगदी पाठीशी. सोनूबाईचा दंड घट्ट धरून, मागं न बघता झुंबरबाई त्या आवाजाला म्हणाली, "चल गं, तू बी चल."

गाडीवाटेला लागल्यावर कुडकुडत सोनूबाईनं विचारलं, "द्वारकाबाई कशी होती वं?"

"लई वाह्यात," झुंबरबाई म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. "अंबडच्या बाजारात कासाराकडून बांगड्या भरल्या. चार फुटल्या. त्याला म्हणली, हात तुझ्याच हातात व्हता, मंग फोडल्या कुणी?"

सोनूबाई तापातही हसली. "मंग कासार?"

"त्यो काय बोलतो. दुसऱ्या चार गुमान भरल्या."

गावाची वेस आली, तरी झुंबरबाई बोलतच होती.