बंडीले नंबर नसते

नव्या आलेल्या देवश्रीनं कंपनीत डेव्हऑप्स आणलं तवापासून कोण काय करून राहिलं तेच मले समजत नाई. आमची कंपनी अमरावतीची, कापूस जिनिंगच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बनवते. आधी सरळ होतं. पोरं कोड लिहायचे, मी महिन्याच्या शेवटी नारळ फोडून सर्व्हरवर चढवायचो, बिघडलं तं शिव्या मले. आता ही देवश्री म्हणते, "काका, लिहिणारे आणि चालवणारे वेगळे नाहीत. थोडं थोडं करून रोज चढवायचं. तपासेल मशीन, चढवेलही मशीन." मंग या खुशालरावानं काय माशा माराव्या?

त्यात ऐन कापसाच्या हंगामात माह्या करिश्माचं साक्षगंध, अकोल्याले. पोराच्या साक्षगंधात मी पंगतीतून उठून लॅपटॉप उघडला होता, ते बायको चंदा आजही ऐकवते. यावेळी तिनं बजावलं, "पोरीच्या वेळी उठले तं घरी येऊ नका."

अन् नेमका धामणगाव रेल्वेच्या जिनिंगवरून पुंजाजीचा फोन. पुंजाजी म्हणजे तिथला काटेवाला. "खुशालभाऊ, काटा बंडी घेऊन नाई राहिला. गाडी नंबर मागते. बैलबंडीले मी नंबर कुठून आणू?"

हे तं मी कवाच दुरुस्त केलं होतं. सर्व्हरवर जाऊन पाहतो तं दुरुस्ती गायब. परत केली. दुपारी परत फोन, परत गायब. दुसऱ्या दिवशीही तेच. तिकडे गेटवर बंड्यायची रांग, बैल ताटकळून राहिले, इकडे मले वाटे माह्या डोक्यावरच परिणाम झाला. मंग वाटलं, ही पोरगीच पुसून राहिली. काकाले घरी बसवायचा बेत दिसते.

भडकलो मी. सगळ्यायसमोर म्हटलं, "माह्या कामात काहून हात घालून राहिली तू?"

तिनं विचारलं, "काका, दुरुस्ती कुठे केली?"

"सर्व्हरवर. मंग कुठे करू, छतावर?"

"तिथेच घोळ आहे. आपला कोड एका ठिकाणी ठेवलाय. काहीही नवं चढवताना मशीन तिथूनच सगळं नव्यानं मांडते. तुम्ही सर्व्हरवर हातानं केलेलं तिला माहीत नाही. मलाही नव्हतं."

"हे आधी सांगाचं नाई का?"

"पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं. तुम्ही नारळ आणायला गेला होता."

पोरं खाली माना घालून हसले. मंग आमी दोघायनं बसून बंडीची दुरुस्ती त्या एका ठिकाणी टाकली. वरून तिनं एक तपासणी लावली. आता काही नवं चढवायच्या आधी मशीन बिननंबरची एक खोटी बंडी काट्यावर घेते, अन् ते जमलं नाई तं पुढे काहीच जात नाई. अर्धं समजलं, अर्धं डोक्यावरून गेलं.

"अन् तरी बिघडलं तं?"

"मशीन कालचं परत लावेल. तुम्ही पोटभर जेवा."

जेवा म्हणणं सोपं हाय. साक्षगंधात करिश्मा पाटावर बसली, तिची ओटी भरणं चालू होतं, अन् माहा सगळा जीव खिशातल्या फोनात. तो वाजला. पुंजाजीच. चंदानं डोळे वटारले. कोपऱ्यात जाऊन उचलला.

"काय झालं? बंडी अडली का?"

"नाई जी. बंड्या चालू हायत, काट्यावर माहा भाचा बसला. सकाळी नवं काहीतरी चढलं म्हणते, आमाले तं पत्ताच नाई. तुमी पत्रिका धाडली म्हणून मी आलो अकोल्याले. हॉलच्या गेटवर उभा हाय, या घ्यायले."

चंदाले खुणेनं सांगितलं, पाहुणा हाय. तिले पटलं नाई, पण तिनं जाऊ देल्लं. मी बाहेर आलो तं गेटवर चार-पाच जण उभे. इतक्या वर्षांत आमी फोनवर बिघाडाशिवाय कधी बोललोच नव्हतो, तोंड तं पाहिलंच नव्हतं, अन् त्या चार-पाच जणायतला पुंजाजी कोणता, तेच मले समजेना.