उणे एक

दूध संघाचा पाण्याचा टँकर आमच्या वस्तीवर यायचा थांबला, तेव्हा सगळ्यांना वाटलं की अध्यक्षांनीच तो दुसरीकडे वळवला. दुष्काळात असं वाटायला फार कारण लागत नाही. केशरमावशीची गाय गाभण होती, दिवस भरत आले होते. विहिरीच्या तळाला नुसता गाळ.

अध्यक्ष मोहनराव म्हणाले, कुणाला पाणी द्यायचं ते मशीन ठरवतं, आम्ही नाही. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन बीडहून परतले होते, म्हणून वस्तीने मला वडवणीला संघाच्या ऑफिसात पाठवलं.

संघातला प्रोग्रॅम बेसिक नावाच्या जुन्या संगणकी भाषेत लिहिलेला होता. त्या भाषेत खोटं म्हणजे शून्य आणि खरं म्हणजे उणे एक. विहीर कोरडी असेल तर नावापुढे उणे एक, पाणी असेल तर शून्य. आमच्या वस्तीच्या सगळ्या नावांपुढे मात्र नुसता एक होता. मी कारकून बंकटला विचारलं.

"तुझ्या केशरमावशीनंच उणं काढाया लावलं," तो म्हणाला. संघाच्या फळ्यावर पाणीवाटपाचा कागद लागला, त्यात आपल्या नावापुढे उणे पाहून ती भडकली होती. संघात उणे म्हणजे बाकी, एवढंच सगळ्यांना माहीत. आमी कुणाचं काही ठेवलेलं न्हाई, असं तिने भर ऑफिसात सुनावलं. बंकटलाही ते पटलं. त्याने वस्तीतल्या प्रत्येकाचं उणे पुसलं. "एक तो एकच की," तो म्हणाला.

तसं नव्हतं. 'विहीर कोरडी नाही' हे खरं निघालं, तर प्रोग्रॅम ते नाव वगळायचा. पण त्या बेसिकमधलं 'नाही' आकड्याचे सगळे बिट, म्हणजे त्याच्या आतले शून्य आणि एक, उलटे करतं. उणे एक उलटला की शून्य होतो, म्हणजे खोटं. एक उलटला की उणे दोन होतो, आणि शून्य सोडून कुठलाही आकडा त्या भाषेला खराच वाटतो. आमच्या कोरड्या विहिरी मशीनच्या लेखी भरलेल्या होत्या.

मी उणे परत घातले. पुढच्या खेपेला टँकर आला.

तोवर गाय बसली होती. चौघांनी पोटाखाली पोतं घालून उचललं, तरी पाय धरेनात. मावशीने बादली तिच्या तोंडाशी नेली, हाताने ओठ ओले केले. गायीने तोंड फिरवलं नाही आणि पाणीही ओढलं नाही.

"काय बिघडलं व्हतं गं मशिनीचं?" मावशीने विचारलं.

"जुनं झालंय," मी म्हणाले.

"बंकट म्हणला, ते उण्याचं हाय."

तिने गायीच्या पोटावर हात ठेवला, वासरू हलतंय का ते बघितलं. बराच वेळ हात तिथेच होता. मग काढून घेतला.

"फळ्यावर तेवढं मोठं लावलं," ती म्हणाली. "ते उणं आमच्या भल्याचं हाय, हे कावून न्हाई सांगितलं कुणी?"

ती उठली, बादली उचलली आणि पाणी सांडू न देता शेजारच्या शेळ्यांकडे निघाली.