विश्वकर्म्याच्या ओट्यापाशी उभा खांब

मी एक जुना, बिडाचा खांब आहे. कोलकात्याहून बराकपूरकडे जाताना नदीकाठी बंद पडलेली तागाची गिरणी लागते, तिच्या विणकामाच्या शेडमध्ये अगदी कोपऱ्यात उभा आहे. मित्रांनो, बंगालातल्या खांबाला मराठी कशी येते, असं विचारू नका. दत्तात्रयकाकांनी माझ्याशी बोलून बोलून शिकवली. बोलायला दुसरं कोणी नसलं की भाषा लवकर येते.

जन्म माझा नदीपलीकडचा, हावड्याचा. तिथे वाळूच्या साच्यात मला ओतलं आणि मुद्दाम आतून पोकळ ठेवलं. पोकळ म्हटलं की लोक नाक मुरडतात. मुरडोत बापडे. आमच्या शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं आहे. प्रत्येक दात्याची एक बाजू काचेची, आणि काचा सगळ्या उत्तरेला. म्हणजे दिवसभर उजेड येतो, पण ऊन डोळ्यांवर येत नाही. दोन दात्यांमधल्या पन्हळीत पावसाचं पाणी जमतं, ते आम्हा खांबांच्या पोटातून खाली उतरतं, पायाशी असलेल्या तोंडातून चरात पडतं आणि नदीला मिळतं. माझ्या वाट्याला सगळ्यात लांब पन्हळ आली होती. त्या काळी मी जरा शेफारलोच होतो.

मागांचा खडखडाट एवढा, की माणसं एकमेकांशी खुणांनीच बोलत. पाळी संपली की कोणी ना कोणी मला पाठ टेकून बसायचं. घामाने माझा रंग उडायचा, पण दर सप्टेंबरात विश्वकर्मापूजेच्या आधी नवा लागायचा. त्या दिवशी माग थांबत, हत्यारं पुसून देवापुढे मांडली जात, छपरावरून पतंग उडत. आपल्या खंडेनवमीसारखंच, फक्त इथे देव हत्तीवर बसून येतो, आणि तो माझ्या पायाशी बसायचा. सांगा बरं, कोण हुरळणार नाही?

एका वर्षी कामगारांनी हौसेने देवासाठी पांढऱ्या फरशीचा पक्का ओटा बांधला, अगदी मला चिकटून. त्या हौसेत माझ्या पायाचं तोंड सिमेंटखाली गाडलं गेलं. कोणाच्या ध्यानातही आलं नाही. मला कळत होतं, पण सांगायला वाचा कुठली? पुढच्या पावसात पाणी पोटात चढलं, वर तुंबलं आणि पन्हळ आत ओसंडू लागली. 'छप्पर म्हातारं झालं,' असं म्हणून लोक बादल्या ठेवत राहिले.

मग एकदा पूजा झाली आणि दुसऱ्याच दिवशी फाटकाला कुलूप लागलं. मूर्ती विसर्जनाला न्यायलाही कोणी आत येऊ शकलं नाही. माग भंगारात गेले. उरलो आम्ही खांब, देव आणि दरवान अनिल मंडल. बाकीच्या खांबांशी माझं काही बोलणं नाही. अनिल रोज मूर्तीवरची धूळ झटकायचा, उदबत्ती लावायचा आणि जायचा. तेवढीच काय ती माणसाची ऊब.

अशात सरकारी खात्यातली इंजिनिअर मृणाल गिरणी तपासायला आली. जुनी खूण म्हणून गिरणीची उंच चिमणी ठेवायची, गळकी शेड पाडायची, असा वरिष्ठांचा कल होता. शेवटचा अहवाल मात्र तिने द्यायचा होता. सोबत तिचे वडील, दत्तात्रयकाका. बायको गेल्यावर ते सांगलीहून कोलकात्याजवळ न्यू टाउनला लेकीकडे आले होते. 'दिवसभर फ्लॅटमध्ये भिंती काय मोजू?' म्हणून तिच्याबरोबर यायचे आणि मला टेकून बसायचे. बंगाली त्यांना येत नव्हती, हिंदी जेमतेम. मग बोलणार कोणाशी? माझ्याशी.

एका पावसाळी दुपारी पाठ टेकता टेकता ते दचकून उठले. "मृणाल, हा खांब माठासारखा गार कसा गं? बाकीचे तर असे लागत नाहीत."

मृणालने हातोडीने टकटक केलं. शेजारचा खांब घंटेसारखा वाजला, मी मात्र ठस्स. ती शेजाऱ्याच्या पायाशी वाकली, तिथलं तोंड पाहिलं, मग माझ्या ओट्याकडे पाहिलं.

"बाबा, छप्पर सडलेलं नाहीये. तुंबलंय." ती अनिलकडे वळली. "हा ओटा फोडायला लागेल, अनिलदा. शेड वाचेल."

अनिल ओट्यापुढे आडवा उभा राहिला. "नहीं दीदी. जब तक विश्वकर्मा बाबा बैठे हैं, पूजा चल रही है. पूजा चल रही है तो मिल बंद कैसे हुई? सब लौटेंगे, फिर विसर्जन होगा."

मृणालला हुकूम करता आला असता, पण तिचं मन धजेना. काकाच पुढे झाले. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "सुधा, मेरी पत्नी, गई. मैंने भी दो साल घर वैसा ही रखा. चष्मा, चप्पल, सब. कोई नहीं आता, अनिल. हम ही बैठे रहते हैं." मग मराठीत, जणू स्वतःलाच, "देवाला असं ताटकळत ठेवू नये रे."

अनिल बराच वेळ हत्तीची सोंड पुसत राहिला. मग म्हणाला, "कल."

दुसऱ्या दिवशी काकांनी मूर्तीवर अक्षता वाहिल्या, रीतीप्रमाणे ती जरा हलवली आणि दोघांनी मिळून उचलली. नदीकडचं दार उघडंच होतं, घाट मला दिसत होता. मूर्ती पाण्यात सोडताना काका सवयीने ओरडले, "पुढच्या वर्षी लवकर या!" अनिलने अर्थ विचारला, त्यांनी सांगितला. अनिल पायरीवर बसला आणि हमसून हमसून रडला.  काकाही त्याच्या शेजारी बसून राहिले.

ओटा फुटला. माझ्या पायातून इतक्या वर्षांचं काळं पाणी भळाभळा वाहिलं आणि मला एकदम हलकं वाटलं. मृणालने अहवालात लिहिलं की शेड पाडू नये. ते मान्य झालं. मला नवा रंग लागला, बाहेर 'जतन केलेली जुनी वास्तू' अशी पाटी लागली.

अनिल मात्र राहिला नाही. राखायला देव उरला नव्हता आणि कोणी परतेल ही आशाही. किल्ल्या देऊन तो गावी गेला. पुढे मृणालची बदली झाली, तिच्याबरोबर काकाही गेले. जाताना माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "येतो हं." आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत, एवढं मला आता कळतं. तरी मी दाराकडे बघतोच.

मित्रांनो, जुन्या वास्तू वाचवा, हे तुम्हाला सगळे सांगतील. जरूर वाचवा. पण मला टेकून बसणारं आता कोणी नाही. पाऊस माझ्या पोटातून नीट उतरतो, आणि त्याचा आवाज रिकाम्या शेडमध्ये मी एकटाच ऐकतो. तुमच्या गावातली एखादी म्हातारी वास्तू, किंवा एखादं म्हातारं माणूस वाचवलंत, तर तेवढ्यावर थांबू नका. मधूनमधून येऊन बसत जा.