चाळीसातले चार

चपला काढता काढताच मॅनेजर म्हणाला, "ताई, उद्या एका बाईला काढायचंय. डोकं पिकलंय नुसतं."

शर्ट शिवायच्या कारखान्यात तो मॅनेजर. थोरली बहीण कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. तीही दिवसभर बोलून बोलून दमली होती. तिने विचारलं, "काय केलं बाईने?"

"बटणं लावायला नवी आहे. शंभरात पाच शर्टांची बटणं सैल निघाली तर आम्ही चालवून घेतो. हिचे चाळीस तपासले, चार सैल. म्हणजे दुप्पट! मालक म्हणतात, नारळ द्या."

"वेचून काढले होते का?"

"छे, हाताला येतील ते उचलले."

ताई कशीबशी उठली. एकोणीस पांढरी बटणं आणि एक काळं तिने पिशवीत टाकलं. "हे झालं शंभरात पाच. न बघता एक काढ, परत टाक, हलव. असं चाळीसदा."

तो वैतागला, पण करत बसला. पहिल्या फेरीत काळं दोनदा आलं, दुसरीत एकदा. तिसरीत चारदा आलं.

"आता या पिशवीला नारळ दे," ताई म्हणाली.

त्याला हसू आलं नाही.

"अरे, काम ठीक असलं तरी सातातून एखाद्या खेपेला चार किंवा जास्त निघतातच. आधी धरून चालायचं, बाईचं काम ठीक आहे. मग बघायचं, निव्वळ योगायोगाने एवढे खराब निघतील का. विसातून एकदाही निघण्यासारखे नसतील, तरच संशय खरा धरायचा."

"म्हणजे ती निर्दोष?"

"तसंही नाही. तुझा पुरावा तोकडा आहे, एवढंच. चारशे तपास. त्यात चाळीस निघाले, तर मीच म्हणेन, काढ."

"चारशे तपासायला वेळ कुणाला आहे, ताई?"

"आणि तिला दुसरं काम शोधायला आहे?"

त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मालकांशी हुज्जत घालून त्याने मुदत मिळवली. कुणकुण लागल्याने बाई सामान आवरून उभीच होती.

"उद्या नेहमीसारख्या या," तो म्हणाला.

"आणि परवा, साहेब?"

"परवाही. चारशे शर्ट तपासू, मग काय ते ठरवू."

तिने सामान परत जागेवर ठेवलं. मग मशीन सुरू केलं.

मित्रहो, संशय कुणालाही येतो. पण कुणाच्या पोटावर पाय देण्याआधी, हा नुसता योगायोग तर नाही ना, एवढं तरी तपासा. आपल्या कंटाळ्याची शिक्षा दुसऱ्याने का भोगावी?