डाव्या कोपऱ्यातली रेघ

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या ताज्या हिरव्या रंगाला भुलू नका. मी एक जुने सायक्लोस्टाइल यंत्र आहे. ड्रमवर स्टेन्सिल, म्हणजे अक्षरे कोरलेला मेणकागद, चढवा, आत शाई भरा आणि हँडल फिरवा, की एका कागदाचे शंभर कागद करून देणे हा माझा धंदा.

माझी उमेदीची सारी वर्षे एका शाळेच्या कचेरीत गेली. परीक्षा आली की मास्तर मंडळी माझ्याभोवती गोंडा घोळायची आणि पेपर छापून झाले की माझ्यावर ओल्या छत्र्या वाळत घालायची. कामापुरता मामा, दुसरे काय! माझी मनापासून काळजी घेतली ती कारकूनबाईंनी. त्यांची लेक चौथीत होती. शाळा सुटली की ती माझ्या टेबलावर पाय हलवत बसायची. एकदा तिच्या हातून कागदांना भोके पाडायचे जड पंचिंग मशीन माझ्या ड्रमवर पडले. पत्र्याला पोचा आला आणि बारीक कंगोरा उठला. तो स्टेन्सिलला टोचायचा, आणि मग प्रत्येक कागदाच्या डाव्या कोपऱ्यात एक तिरकी काळी रेघ उमटायची. लेक रडायला लागली, तेव्हा बाई म्हणाल्या, "असू दे गं. त्याची सही समज."

त्याच वर्षी रंगाच्या कारखान्यात टाकी धुवायला उतरलेली सहा माणसे गुदमरून मेली. ती दारू प्यायली होती, असे मालकाने वर्तमानपत्रात छापून आणले. त्या सहांत बाईंचा भाऊ होता. त्याने जन्मात दारूला हात लावला नव्हता.

बाई दोन दिवस रडल्या आणि मग लिहायला बसल्या. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी डाव्या हाताने स्टेन्सिल कोरली. सहा नावे, सहा वये आणि खाली दोन ओळी: 'हे सगळे शुद्धीत होते. टाकीत विषारी वायू आहे, हे यांना कुणी सांगितले नव्हते.' शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर खिडक्या लावून मी त्याचे चारशे कागद छापले. बाईंनी स्टेन्सिल जाळली आणि राखही मोरीत सोडली. सोमवारी ते कागद घरोघर पोचले आणि कारखान्याच्या फाटकासमोर माणसांची ही गर्दी झाली. खोटे कशाला बोलू, मला फार अभिमान वाटला.

रेघेचा मात्र आम्हा दोघांनाही विसर पडला. रोज बघून बघून ती दिसेनाशीच झाली होती. कागद कुणी छापले याचा शोध घेणाऱ्या फौजदाराची मुलगीही चौथीतच होती. तिचा गणिताचा पेपर त्याने घरी पाहिला, खिशातला कागद त्याच्या शेजारी ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो कचेरीत हजर झाला. बाईंना नेले तेव्हा लेक वर्गात पाढे म्हणत होती. बाई परत आल्या नाहीत. कोठडीत ताप आला, एवढेच कळवण्यात आले.

मी भंगारात पडलो. चाळीस वर्षे गंज खाल्ला. मग यंदा लढणाऱ्या लेखणीचा साहित्य महोत्सव भरला आणि माझे नशीब उघडले. कारागिराने मला घासले, ठोकले, रंगवले आणि सभागृहाच्या दाराशी मांडले. मी कुठला, हे कुणालाच ठाऊक नव्हते; शेजारी काचेच्या चौकटीत मात्र योगायोगाने तोच सहा नावांचा कागद लावला. खाली पाटी होती, 'लेखक अज्ञात'. आत भाषणे चालत आणि बाहेर लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढत.

दुसऱ्या दिवशी पन्नाशीची एक बाई आली. तिने पिशवीतून चौथीचा गणिताचा पेपर काढला, तेव्हा मी तिला ओळखले.

"तो कागद माझ्या आईनं लिहिलाय," ती संयोजकांना म्हणाली. "पाटीवर तिचं नाव लावा."

संयोजक भला माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिले. "मला पटतंय हो, ताई. पण आधीही तिघं असंच सांगून गेलेत. काही पुरावा आहे का?"

"ही रेघ बघा. दोन्हीवर तीच आहे. हे यंत्र आईच्या शाळेतलं. रेघ पाडणारा पोचा माझ्याच हातून पडला होता."

"अशी रेघ कुठल्याही जुन्या यंत्राची येते. थांबा, छापूनच बघू."

स्टेन्सिल चढली. मी जिवाच्या आकांताने फिरलो. कागद बाहेर आला. डावा कोपरा कोरा होता.

तिने ड्रमवर अंगठा फिरवला. "ठोकून सपाट केलात?"

"हो, अगदी नव्यासारखं करून घेतलं. पण आधी कुठे काय होतं, त्याची नोंद नाही ठेवली हो कुणी."

तिने अंगठा ड्रमवरून उचलला. मग म्हणाली, "फौजदाराला एक रेघ पुरली होती."

तिने पेपरची घडी घातली आणि ती निघून गेली. आत टाळ्या पडत होत्या. पाटी अजून तशीच आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. धूळ पुसा, तेलपाणी करा. पण त्यांचा पोचा ठोकून काढण्याआधी तो कसा पडला, हे कुणाला तरी विचारा. जेव्हा गप्प राहायला हवे होते तेव्हा मी बोललो, आणि बोलायची वेळ आली तेव्हा मला वाचाच उरली नव्हती. म्हणून तुम्हाला सांगतो. तो कागद कारकूनबाईंनी लिहिला होता. मी छापला होता. निदान तुम्ही तरी माझी साक्ष ग्राह्य धरा.